डायलिसिसच्या खोलीमागचं पाणी

डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला एका हॉस्पिटलात मी डायलिसिसची सिस्टर आहे. उन्हाळ्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला बोलावलेलं. म्हणाले, हॉस्पिटलमुळे पर्यावरणाची नासाडी कमी कशी होईल ते आपापल्या खात्यात शोधा. मला वाटलं, झालं, आता फोटोपुरती दोन झाडं लावायची. तरी मागच्या दाराने पाण्याच्या प्लांटकडे गेले. आमच्या मशीनला अगदी शुद्ध पाणी लागतं, म्हणून ते आधी तिथे गाळलं जातं. गाळून उरलेलं पाणी जाड पाइपातून भडाभडा गटारात चाललेलं. आणि पुढच्या गेटवर आमच्याच हॉस्पिटलसाठी टँकर आलेला! मी बघतच राहिले. एवढा स्टाफ, एवढे साहेब, आणि हे कोणाच्या डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे कमाल आहे.

डॉक्टरांच्या मागे लागून मी तिथे टाकी बसवून घेतली. हे पाणी लादी पुसायला आणि संडासात वापरायचं ठरलं. तिथेच माशी शिंकली. सफाईच्या मावश्या त्या नळाला हात लावेनात. त्यांच्यातली सगळ्यात जुनी मावशी मला तोंडावर म्हणाली, "सिस्टर, ते पेशंटच्या रक्तातून आलेलं पाणी आहे. आम्ही नाही शिवणार."

मी हबकलेच. अगं बाई, ते मशीनपर्यंत पोचतच नाही, रक्ताचा संबंधच येत नाही, असं मी परत परत सांगितलं. त्या माना डोलवायच्या आणि बादल्या घेऊन टँकरच्या पाण्याकडे चालायला लागायच्या. माझं डोकं असं फिरलेलं म्हणून सांगू! त्यात डॉक्टरांनी ऐकवलं की कोणी वापरत नसेल तर शनिवारी टाकी काढू, उगाच जागा अडते.

शुक्रवारी मी सगळ्यांना टाकीजवळ उभं केलं आणि ग्लासभर पाणी काढून दाखवलं. बघा, लाल आहे का, वास येतोय का? मावश्या लांबूनच बघत होत्या. तेवढ्यात आमचे एक काका डायलिसिस संपवून तिथे आले. एसटीतले रिटायर्ड कंडक्टर, सगळ्या मावश्यांचे लाडके. किडन्या गेल्यापासून त्यांचं पाणी मोजून, चहा आणि आमटीसुद्धा त्यातच धरायची. जास्त झालं की ते अंगात साठतं, श्वास कोंडतो. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला आणि गटागटा पिऊन टाकला.

 ते प्यायचं पाणी नव्हतंच, नुसते क्षार होते त्यात. पण मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जुन्या मावशीने गुपचूप बादली नळाखाली लावली, मग दुसरीने. माझी टाकी वाचली! मी काकांवर भडकले खरी, पण मनातून त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. माझ्यासाठी या माणसाने आपल्या वाट्याचं पाणी घालवलं. ग्लास परत घ्यायला गेले तर ते सोडेनात.

हळूच म्हणाले, "मला तुमच्या टाकीचं काय करायचंय, सिस्टर? तहान लागलीय मला. अजून एक द्या."

त्यांची बोटं एकेक करून सोडवून मी तो ग्लास काढून घेतला.