पाठमोरा व्यंकू

आमचे हे म्हणजे आळंदच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर बंडोपंत. घेतलं बघा नाव! आता या वयात मला कोण बोलणार? हैदराबादला पडद्यावरची हलती चित्रं बघून आले तेव्हापासून या माणसाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वहीच्या पानापानावर चित्र काढायचं, अंगठ्यानं भराभर पानं सोडायची, की उंदीर पळायचा. मी म्हणायची, "खऱ्या उंदरांनी ज्वारी खाल्ली, त्यांचं बघा आधी."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात ही थट्टा बंद झाली. धाकटे दीर व्यंकटेश निजामाविरुद्धच्या माणसांत मिळाले आणि सरहद्दीपल्याड सोलापूरकडं निघून गेले. पोलीस मागावर होते. 'डावा खांदा उडवत चालतो' एवढीच खूण त्यांच्याकडं होती. म्हणून घरातला व्यंकूचा एकुलता एक फोटो मी चुलीत घातला. फोटो गेला आणि सासूबाईंनी अन्न सोडलं. "व्यंकूचं ध्यानच डोळ्यांपुढं येईना गं," म्हणायच्या आणि ताट सारायच्या. जाळला मीच होता ना!

ह्यांनी शाळेतली, पुठ्ठ्यावर उर्दू छापलेली कोरी वही आणली आणि व्यंकूला चालवायला बसले. आधी एकामागून एक पान काढत गेले. चाल झाली झुळझुळीत, पण तिसाव्या पानापर्यंत व्यंकू भोपळ्यासारखा फुगला. मग मोजक्या पानांवर आधी मुख्य ठेवणी काढल्या, पाऊल टेकलेलं, पाऊल उचललेलं, खांदा उडालेला, आणि मधली पानं मागून भरली. माप बरोबर आलं, पण सासूबाई म्हणाल्या, "हा लाकडाचा हाय." शेवटी दोन्ही रीती एकत्र केल्या. पावलं आणि उंची आधी बांधून घेतली, पण धोतराचा सोगा, हातातली पिशवी, तो खांदा हे सगळं पानामागून पान हाताला येईल तसं वाहू दिलं.

पानं सुटली. दारातून निघालेला व्यंकू, पाठमोरा, खांदा उडवत, लहान लहान होत गेला.

"व्हय, माझाच हाय," सासूबाई म्हणाल्या आणि हुंदका फुटला. "पर हा जायलाय कामून रे?"

ह्यांनी शेवटचा बघितला तसाच काढला होता त्याला. मी मात्र भडकले. "अहो, फोटोत तो निदान चालत तरी नव्हता! पोलिसांच्या हाती आयती खूण दिलीत. जाळा ती वही." पण त्या दिवशी सासूबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली. कशी जाळणार? दारावर थाप पडली की मी आधी वही सासूबाईंच्या सतरंजीखाली सारायची.

चौथ्या दिवशी भरदुपारी पोलिसांचे अमीनसाहेब झडतीला आलेच. सासूबाईंच्या सतरंजीखालून त्यांनी वही ओढली. वहीवर उर्दू बघून अमीनानं ती उर्दूसारखी उजवीकडून उघडली, म्हणजे आपल्या शेवटाकडून, आणि पानं सोडली. लांबचा ठिपका मोठा होत गेला. व्यंकू पाठमोराच, उलट्या पावलांनी दाराकडं आला.

अमीन खो खो हसला. "मास्टर, तुम्हारा आदमी तो उल्टा चलता!"

त्यानं पुन्हा पानं सोडली, त्याच बाजूनं. देवा, आता वही फिरवू देऊ नको याला, सरळ चाल दिसली की खांदा ओळखेल! न्हाई फिरवली. सतरंजीवर फेकली आणि गेला.

मी वही उचलून चुलीकडं निघाले, तर सासूबाईंनी मनगट धरलं. त्यांनी वही घेतली आणि अमीनासारखी पानं सोडली.

"राहू दे, नलिनी. पाठमोरा का होईना, घराकडं यायलाय."

पुढं निजामाचं राज्य गेलं. सरहद्दीपल्याड गेलेले बाकीचे सगळे परत आले. व्यंकू आला न्हाई. सासूबाई अखेरपर्यंत ती वही अमीनाच्याच बाजूनं उघडायच्या. चुकून मी आपल्या बाजूनं उघडली, तर अंगावर ओरडायच्या, "पुन्हा घालवू नको गं त्याला!"