मुकादमबाईंचा चालू राहिलेला माइक

टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा मावशी पन्नाशीला टेकली होती. सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली बाई, घरी बसून करणार काय? कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तेवढ्यात भाची आली. भाची कॅमेरा चालवायची. एका दिग्दर्शिकेने तिला माहितीपटासाठी घेतलं होतं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात जन्म घालवलेल्या बायांवरचा माहितीपट, आणि तो करणाऱ्याही सगळ्या बायाच हव्यात असा त्या दिग्दर्शिकेचा हट्ट. आवाज टिपायला मात्र कोणी मिळेना. भाची म्हणाली, "मावशी, तुझे कान फुकट चाललेत. ऊठ."

मावशी उठली. महिन्याभरात काम शिकली. भिंतीपलीकडचा पंखा सगळ्यांच्या आधी तिला ऐकू यायचा. कोणाच्या पोटात कावळे ओरडले तरी तिला कळायचं, की लगेच हुकूम, आधी खाऊन या, मग बोलू. जातील तिथे कोणीतरी विचारायचंच, बरोबर पुरुषमाणूस नाही का, सामान जड असेल. मावशी खांद्यावरची पेटी त्याच्याच हातात द्यायची आणि म्हणायची, सापडला, चला.

धुलाईखान्यातल्या बाया भडाभडा बोलल्या. गाडी अडली ती मुकादमबाईंपाशी. एकतीस वर्षं तिथे राबून, चाळीस बायांवर हुकमत गाजवून निवृत्त झालेल्या. दिग्दर्शिकेची सगळी भिस्त त्यांच्यावर. सहा आठवडे टाळाटाळ करून चित्रीकरणाच्या अगदी शेवटच्या दिवशी त्या आपल्या घरी समोर बसल्या. मावशीने गळ्यापाशी बिनतारी माइक लावला. आणि दीड तासात बाईंनी काय सांगावं? काम बरं होतं. साहेब चांगले होते. तक्रार काही नाही. दिग्दर्शिकेचा चेहरा पार उतरला. मग बाई चहा ठेवायला आत गेल्या, त्या गळ्यापाशी माइक तसाच घेऊन. तो काढून घ्यायचं काम मावशीचं, आणि नेमकी तीच विसरली.

आता मावशीच्या कानात आतलं सगळं स्वच्छ. आधी सून म्हणाली, आई, साखर संपली, शेजारून मागून आणू का. मग भांडी वाजली. मग बाई हळूच म्हणाल्या, "यांना काय सांगू? बॉयलरपाशी उभ्या उभ्या सातव्या महिन्यात माझं पोर गेलं आणि चौथ्या दिवशी मी कामावर होते, ते सांगू?"

ज्याच्यासाठी सहा आठवडे वणवण केली ते हेच. आणि मावशीने चटकन हेडफोन उतरवला, रेकॉर्डिंग थांबवलं. विचारबिचार काही नाही, हात आपोआप गेला. एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरबाईंनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, फोन जोडला की कान काढायचा. त्या करड्या बाईंचे उपकार मावशी आजही बोलून दाखवते.

पण जेवढं टिपलं गेलं तेवढं होतंच. दिग्दर्शिकेच्या कानावर घातलं तर ती म्हणणार, राहू दे, वापरू. गप्प बसावं तर मुकादमबाईंच्या पाठीमागे चोरी. मावशीने पेटी खांद्याला लावली. तशीच उठून स्वयंपाकघरात गेली.

"बाई, माइक चालू राहिला. चूक माझी. चौथ्या दिवसापर्यंत ऐकलं, मग बंद केलं."

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. "मग तुमची चांदी झाली की."

मावशी म्हणाली, तुमच्यासमोर पुसते. काय पुसलं ते कळावं म्हणून हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावा म्हणाल्या. मग तिसऱ्यांदा. सून दारात अवघडून उभी. जन्मभर बॉयलरच्या घरघरीवर ओरडून आपला आवाज पार फाटलाय, अशी बाईंची समजूत होती. इतका मऊ आवाज आपला, हे त्यांना आज कळत होतं.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "तेवढं साखरेचं काढा. शेजारीण सिनेमा बघेल, तिला वाटेल हिचं रोजचंच आहे."

मावशीचा जीव भांड्यात पडला. भाचीने धावत कॅमेरा आत आणला आणि बाईंनी ओट्याला टेकून उभ्यानेच सगळं सांगितलं. रजा मागितली तेव्हा साहेब काय म्हणाले ते सांगितलं. त्या आठवड्यात आपल्या वाटणीच्या चादरी बाजूला ठेवून कोणी बाईंच्या चादरी पिळल्या, तेही. अशा चौघी होत्या. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते कॅमेऱ्याकडे बघत, एकेकीचं नाव घेऊन मानले. दिग्दर्शिका भिंतीकडे तोंड करून नाक ओढत होती आणि मावशी तिला हातवारे करून दटावत होती, की हळू, इकडे ऐकू येतंय.

निघताना बाईंनी माइक स्वतःच काढून मावशीच्या तळहातावर ठेवला. विचारलं, आता बंद ना? मावशीने बटण दाखवलं. तेव्हा त्यांनी तिला जवळ ओढलं आणि त्या पोरासाठी मनात ठरवून ठेवलेलं नाव कानात सांगितलं.

भाची अजून अधूनमधून खोदून विचारते, कानात काय सांगितलं. मावशी तोंडभर हसते आणि म्हणते, "ते मला मिळालंय बाई. तू तुझा कॅमेरा बघ."