नाम्बेवेनं सारवलेली जमीन

…तर गुरुवारी सारवलेली ती जमीन शुक्रवारची दुपार कलली तरी ओलीच! आमच्याकडं ऑगस्ट म्हणजे कोरडा महिना, सरोवरावरून असा कोरडा वारा सुटलेला की माणसाचे ओठ फुटावेत, आणि आमच्या नव्या चर्चमधली जमीन मात्र नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी गार, ओलसर.

सारवणारी नाम्बेवेमाय. तिचा हात काय सांगू! आमचा मुखिया कालोंजे म्हणायचा, "हिच्या अंगणात थुंकायची माझी छाती होत नाही, आणि मी तर सिंहावर थुंकलोय." (थुंकला असेल, पण सिंह मेल्यावर.) नदीतली गुळगुळीत गारगोटी मुठीत धरून ती गुडघ्यांवर मागं मागं सरकत जमीन घोटायची. नवरा होता. दोन्ही लेकरं नाव ठेवायच्या आधीच गेली तेव्हा त्यानं आपली चटई नि कुऱ्हाड उचलली आणि आईच्या गावी चालता झाला. मग ही गोऱ्या पाद्री किनेर्डबाबांच्या वर्गात जाऊन बसली. तीन वर्षं प्रश्नोत्तरं घोकली. चर्च देवाला अर्पण करायचं त्याच रविवारी पहिला बाप्तिस्मा हिचा, असं ठरलेलं. पांढरा झगा शिवून तयार. दुर्कस हे नवं नावसुद्धा तिनंच निवडलेलं.

माती कुठली आणायची ते ठरवलं चर्चचे पंच नेहेम्या यांनी. "ओढ्याच्या वळणावरची काळी आणा. तशी माती दुसरीकडं नाही." बायका टोपल्या घ्यायला पुढं होईनात. आमच्यात नाव ठेवायच्या आधी गेलेलं मूल स्मशानात नेत नाहीत. बायका-बायकाच ओल्या जागी पुरतात. रडायचं नाही, आणि पुरुषाला जागा सांगायची नाही. सांगितली तर आईची कूस सुकते म्हणतात. मला हे माझ्या बायकोनं सांगितलं ते तिचे दात पडून गेल्यावर! ती जागा म्हणजे तेच वळण. नाम्बेवेमायची दोन्ही तिथंच. तरी तिनं तीन दिवस डोक्यावरून माती वाहिली आणि ब्र काढला नाही.

शुक्रवारी दुपारी पंचांनी दार उघडलं, तर जमिनीच्या मधोमध पावलं. माझ्या या बोटाएवढी. दारातून आत आलेली नव्हेत, मधूनच निघालेली. चार पावलं, मग पडून टेकवलेला एक तळवा, पुन्हा दोन पावलं.

"माकड," किनेर्डबाबा म्हणाले.

"माकडाला अंगठा असा नसतो, बाबा," कालोंजे म्हणाला, "आणि माकड आमच्या पंचांपेक्षा सरळ चालतं."

नेहेम्या तापले. "नाम्बेवे, कुणाचं पोर आत सोडलंस?"

"दाराला कुलूप होतं, पंच. किल्ली तुमच्याच कमरेला आहे."

"मग पूस ते."

तिनं पुसलं. माझ्या बायकोला ती नंतर म्हणाली होती, सगळी जमीन गार होती, तेवढी पावलंच कोमट होती. नुकताच कुणी पाय उचलावा तशी.

त्या दिवसापासून किल्ली किनेर्डबाबांनी स्वतःच्या खिशात ठेवली. शनिवारी कुणी आत गेलं नाही. पण वीटकाम करणारे आम्ही सहाजण भिंतीबाहेर सावलीत न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, नि वालाच्या शेंगा खात बसलो होतो, तेव्हा आतून आवाज आला. चिखलात थपथप करावी तसा, आणि मध्येच थांबून. आमच्यातला एकजण हसायला गेला आणि त्याचा घास तसाच हातात राहिला.

रविवारी दहा गावं लोटली. गोरे पाहुणे छत्र्या घेऊन उभे. किनेर्डबाबांनी प्रार्थना केली, कुलूप उघडलं, दोन्ही फळ्या ढकलल्या, आणि लोकांचं गाणं आपोआप विझलं. उन्हाचा पट्टा सरळ आत पडला होता. सगळ्या जमिनीवर पावलंच पावलं. पडलेली, उठलेली, एकमेकांना धरून चाललेली. सगळी प्रभुभोजनाच्या मेजाकडं निघालेली. एकही परतलेलं नाही.

पुरुष मागं सरकले. बायका मात्र सरकल्या नाहीत. दोघीतिघी तर वाकून मोजल्यासारखं बघत होत्या, आणि एकीनं खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं.

किनेर्डबाबांचा चेहरा पांढऱ्याचा करडा झाला. तरी आवाज शांत. "नाम्बेवे, माती आण. हे सारवून घे, मग आपण आत जाऊ."

नाम्बेवेमायनं मडकं आणलं. पांढऱ्या झग्यातच गुडघे टेकले. हात मातीत बुडवला, पहिल्या पावलावर नेला, आणि तिथंच धरून ठेवला. थेंब थेंब चिखल तिच्याच मांडीवर गळत राहिला. मग तिनं हात झग्याला पुसला.

"अगं, काय करतेस!" नेहेम्या ओरडले. "आज तुझा बाप्तिस्मा आहे!"

"सारवणार नसशील," किनेर्डबाबा म्हणाले, "तर मला तुझं नाव यादीतून काढावं लागेल. देवाच्या घरात भुताखेतांना जागा नाही. तीन वर्षं वाट पाहिलीस, नाम्बेवे. नीट विचार करून सांग."

ती उठली नाही. मान वर करून म्हणाली, "काढा की, बाबा. मला जन्मापासूनचं एक नाव आहे, तेवढं पुरेल. ह्यांना नाव ठेवायच्या आधीच आम्ही मातीआड केलं, आणि पंचांनी ती माती तुमच्या देवाच्या घरात आणवली. आता आलीत, चालायला लागलीत. मी नाही पुसायची. तुम्ही सगळे जरा कडेकडेनं बसा."