एकदाच म्हटलेली शपथ

एस्तेरताई गेल्याची बातमी मला शाळेत कळली. दुसरीच्या वर्गात पाढे चालले होते आणि आमच्या ह्यांचा फोन आला. हे घरात अहिराणीच बोलतात, फोनवरही तेच. "एस्तेरबाई गयी. तू घर ये." मी विचारलं, "एस्तेरताई? का शांतवनदादा?" पलीकडून पुन्हा तेच, "एस्तेरबाई." माझा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला होता तो तिचा नवरा, शांतवन. आम्ही सगळे कितीतरी दिवस त्याच्या बातमीची वाट पाहत होतो, आणि हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही. गेली मात्र ती धडधाकट बाई.

गेली तीही त्याचं तोंड पुसता पुसता. ओला फडका हातात तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ती खाली पडल्यावर शांतवननं हाका मारल्या नाहीत असं नाही, पण लकव्यानं त्याची वाचा नेली होती आणि ओरडायला त्याच्यापाशी उरलं होतं ते एवढंच, "रविवार, सोमवार, मंगळवार..." घशाच्या शिरा ताणून तो आठवड्याचे वार ओरडत राहिला. चाळीतल्या बायका बाहेर ओट्यावर मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसल्या होत्या. भूक लागली तरी तो वार ओरडायचा, अंथरूण ओलं झालं तरी वारच ओरडायचा. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. एस्तेरताई आत आहे, ती बघेल, असं समजून त्या कापत राहिल्या. नळाला पाणी आलं आणि तिची बादली दिसेना, तेव्हा कुठे कुणीतरी दारातून डोकावलं.

मी लग्न होऊन अमळनेरकडून इकडे गुजराती मुलखात, बमरोलीच्या या चाळीत आले तेव्हा ती आधीपासून इथं होती. जालन्याकडची, मराठी ख्रिस्ती. मला वाटायचं ख्रिस्ती म्हणजे काही निराळंच असेल, पण ठेचा माझ्यापेक्षा तिखट करायची आणि कुंकू सोडलं तर माझ्या आत्यासारखीच दिसायची. गळ्यात काळी पोत, तिच्यात वाट्यांच्या जागी छोटा क्रूस. मी वडाला दोरा गुंडाळून आले की हसायची. म्हणायची, "तुमी सात जन्म मागता बाई. मला एकच पुरे. पण आख्खा पायजे." मी शाळेत शिकवायला लागल्यापासून ती मला बाईच म्हणायची, वयानं मोठी असून. शांतवन तेव्हा साड्यांच्या लूमवर कारागीर होता. उंच, हसरा, गाणारा. रविवारी दोघं देवळात जायची, हो, ती चर्चला देऊळच म्हणायची, आणि परत येताना तो मोठ्यानं गात यायचा. मूलबाळ झालं नाही. त्याचं तिला दुःख होतं, पण त्यावरून त्या खोलीत भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या मधल्या भिंतीतून सगळंच ऐकू येतं.

मग त्याला कडोदऱ्याच्या कारखान्यात काम लागलं. जायला-यायला लांब पडतं म्हणून तिथं खोली घेतली, आणि त्या खोलीत काही महिन्यांनी मंजू नावाची बाई राहायला लागली. तो यायचा बंद झाला. भांडण नाही, निरोप नाही, पावसाळा संपावा तसा संपला. एस्तेरताईचा भाऊ जालन्याहून तिला न्यायला आला होता. ओट्यावर बसून दिवसभर समजावत होता. "अगं, त्यानं सोडलंय तुला. तू कामून धरून बसलीस?" ती धागे कापत होती. शेवटी म्हणाली, "त्यांनी सोडला तो त्यांचा करार. माझा मी देवासमोर केला व्हता, भाऊ. त्यांच्याशी नुसता नव्हता केला." भाऊ चिडून निघून गेला. मीही चिडले होते. आमच्या गल्लीत करार म्हणजे खोलीचा, अकरा महिन्यांचा. एक बाजू पळून गेल्यावर दुसरीनं तो कसा पाळायचा, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

अनेक वर्षं गेली. तिचे केस पिकले. आणि एके दुपारी मंजूचा भाऊ रिक्षातून शांतवनला घेऊन आला. अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं. दारात टेकवला आणि म्हणाला, "तमारो माणस छे, तमे राखो." रिक्षा चालूच ठेवली होती. एस्तेरताईनं ना त्याला शिवी दिली ना माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला आणि शांतवनच्या बगलेत हात घातला. "बाई, तिकडून धरा जरा." मी धरलं. दुसऱ्या दिवशी मी सरळच बोलले, "ताई, तुम्ही का? ह्याच्या भल्या दिवसांत ह्याला तुमची आठवण झाली का?" ती म्हणाली, "दुखण्यात सोडणार नाही, असं म्हणलं व्हतं मी. चांगलं वागले तर सोडणार नाही, असं नव्हतं म्हणलं." मी त्याला तोंडावर दादा म्हणत राहिले आणि मनात अरे-तुरे करत राहिले.

तो बोलू शकत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. एका संध्याकाळी ती खाटेशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होती आणि तो तिच्याबरोबर म्हणायला लागला. अडखळत, पण शेवटपर्यंत. ती धावत माझ्या दारात आली, "बाई, बोलायलेत! हे बोलायलेत!" मी गेले. त्यानं पुन्हा प्रार्थना म्हटली, वार म्हटले, बेचा पाढा म्हटला. पण पाणी हवंय का विचारलं तर घशातून नुसता घुरघुराट. मी मास्तरीण, मला पाठांतराची जात ठाऊक. म्हटलं, "ताई, हे बोलणं नाही. लहानपणापासून घोकलेलं तेवढं उरलंय. डॉक्टरही हेच सांगतील." सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं नाही वाटत मला, ती त्याच वाटेनं गेली असतीच. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "मग लग्नातलं येईल की!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते सुरू झालं. ख्रिस्ती लग्नात नवरानवरी एकमेकांचा उजवा हात धरून शपथ म्हणतात, पाळकसाहेब तुकडे पाडून सांगतात आणि ती दोघं मागून म्हणतात. त्याचा उजवा हातच लुळा. ती तो मेलेला हात आपल्या हातात घ्यायची आणि सुरू करायची, "मी शांतवन... तुला एस्तेरला..." सुखात, दुःखात, दुखण्यात, मरण येईपर्यंत. तो म्हणायचा, "मी... तुला..." आणि थांबायचा. ती पुढचा शब्द द्यायची. तो तिच्याकडे बघत राहायचा. कधी रडायचा, कधी डाव्या हातानं ढकलायचा. मी एकदा वैतागून म्हणाले, "कशाला छळता त्याला आणि स्वतःला?" ती म्हणाली, "मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, बाई. इतकी वर्षं मी एकटीच म्हणत आले. एकदा ते म्हणले की मग काहीबी होऊ दे." थोडं थांबून म्हणाली, "प्रार्थना त्यांनी हजार वेळा म्हणली, म्हणून येती. हे एकदाच म्हणलं व्हतं. एकदाच म्हणलेलं कसं पाठ राहील..." दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

एका संध्याकाळी मात्र तो पुढे गेला. भिंतीपलीकडे मी पीठ मळत होते. "मी... तुला..." आणि मग, स्वच्छ, न अडखळता, "मंजू." मी हात पिठात तसेच ठेवून ऐकत राहिले. वाटलं, आता तरी ही बाई काहीतरी फोडेल, निदान रडेल. पेला घासल्याचा आवाज आला. त्याला पाणी पाजलं असावं. आणि पुढच्या संध्याकाळी, त्याच वेळी, त्याच आवाजात, "मी शांतवन... तुला एस्तेरला..." त्यानंतर आणखी काही महिने ती जगली, पण तेवढे दोन शब्द सोडून तिच्या पदरात काही पडलं नाही.

दफनाला आम्ही शांतवनला खुर्चीसकट नेलं. सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता, एकही शब्द चुकला नाही. जालन्याहून आलेल्या तिच्या नात्यातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी म्हणालं, बघा, किती श्रद्धा! पाळकसाहेब मला हळूच म्हणाले, "तिनं शेवटपर्यंत पाळलं हो." मी म्हटलं, "पाळलं. पण तिला मिळालं काय?" ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी वर बोट दाखवलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला.

नवसारीकडच्या एका आश्रमात त्याच्यासाठी जागा बघणं चाललंय. तोवर चाळीतल्या आम्ही बायका पाळीपाळीनं त्याचं करतो. मरण आलं, शपथ संपली, त्याच्याच धर्माप्रमाणे तो आता मोकळा आहे. संध्याकाळची पाळी माझी. दुधात पोळी कुस्करून भरवते. वाटी संपते, बाहेर दिवे लागतात, आणि तो डाव्या हातानं आपला उजवा हात उचलतो, खाटेच्या कडेवर, ती बसायची तिथं ठेवतो. आधी म्हणतो, "मी... तुला..." आणि मग, आता, ती नसताना, "एस्तेरला..." मग थांबतो आणि माझ्याकडे बघतो. पुढच्या शब्दासाठी. भिंतीतून ऐकून ऐकून ती सगळी शपथ मला तोंडपाठ झालीय. एक शब्द दिला तर तो कदाचित पुढे जाईल, कदाचित शेवटापर्यंतही जाईल. पण ऐकायचं होतं जिला... मी शब्द देत नाही. रिकामी वाटी घेऊन मोरीकडे जाते, विसळते, आणि परत येऊन बघते तर तो तसाच थांबलेला असतो.