काकूंचा हात पुरेल तिथं

काकाजी कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी कपाट उघडायचे. चहा नको, पाणी नको, आधी फळ्या. मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत ते शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. पण बिल्डरने बसवून दिलेली एकही फळी त्यांना कधी पसंत पडली नाही.

त्यांची रीत ठरलेली. टेप खिशातच ठेवायचा आणि घरच्या बाईला कपाटासमोर उभं करायचं. "हात वर कर वं पोरी. टाचा नको उचलू." माझ्या बायकोची बोटं जिथं टेकली तिथं त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि फळी तिथंच ठोकली. मला आजही आमच्या कपाटात वाकून बघावं लागतं. तक्रार केली तर म्हणाले, "तू दिवसातून किती खेपा उघडतं गा कपाट?"

त्यांच्या स्वतःच्या घरातली वरची फळी मात्र उंचच होती. काकू जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायच्या. पापडाचा डबा असो की पाहुण्यांची ताटं, "अहो, जरा काढून द्या" ही हाक भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायची. काकाजी कुरकुरत उठायचे, पण उठायचे लगेच. ती हाक त्यांना आवडायची, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरात ड्रिल सुरू झालं. मी डोकावलो, तर ती वरची फळी काढून भिंतीला टेकवलेली आणि काकू हात वर करून उभ्या. काकाजींचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. दोन स्क्रू पिळले की ते स्टुलावर बसायचे आणि पोट दाबून धरायचे.

"काहून खाली आणून राहिले जी?" काकूंनी विचारलं. "तुम्ही देता ना काढून."

"खांदा दुखते माहा," एवढंच ते म्हणाले.

पण गोष्ट फळीवर थांबली नाही. मुख्य दाराची वरची कडी खाली आली. भिंतीवरचं देवघर खाली आलं. मग इन्व्हर्टरचा स्विच. कूलरच्या घरघरीतही ते ड्रिल कानात शिरायचं. आज आणखी काय खाली आलं, हे बघायला जायची मला भीती वाटू लागली.

एका दुपारी काकू भाजीला गेल्या होत्या. मी सरळच विचारलं, "काकाजी, डॉक्टर काय म्हणाले?"

ते भोकातला भुसा फुंकत राहिले. "तिचा हात पुरला पाहिजे गा, बस. तिले सांगू नको."

मी मान हलवली. पुढे काकूंशी जिन्यात गाठ पडली की मी घाईत असल्यासारखं दाखवायचो.

दसऱ्याच्या आधीच काकाजी गेले. तेरवीनंतर त्यांचा मुलगा पुण्याला परतला आणि मी काकूंकडे गेलो. स्वयंपाकघर लख्ख होतं, सगळं जागच्या जागी. स्टूलसुद्धा लागत नव्हतं. हवं-नको विचारायला गेलेला मी उगाच इकडेतिकडे बघत उभा राहिलो.

"काही काढून देऊ का काकू?"

"नाही गा. सगळीकडं पुरते हात." त्यांनी कपाटाचं दार हळूच लोटलं. "तोंडातून 'अहो' निघते तरी. निघून जाते, मंग आठवते."