खुर्चीचा ब्रेक

माझ्या बॉक्सिंगच्या क्लासमध्ये कोणी कोणाला मारत नाही. अमरावतीत आल्यापासून हे इतक्या लोकांना सांगावं लागलंय की आता मी ते एका दमात म्हणून टाकते. एकाने ग्लव्ह्ज घालायचे, समोरच्याने दोन्ही हातांत जाड, चपटे पॅड धरायचे, आणि मारायचं ते फक्त त्या पॅडवर. तीन मिनिटांनी अदलाबदल. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहाला, आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये. कॉलेजच्या मुली येतात, दोन-तीन गृहिणी येतात. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरकाका येतात, पार्किन्सनमुळे त्यांचे हात थरथरतात. आणि सरकारी ऑफिसात क्लार्क असलेल्या एक ताई येतात, व्हीलचेअरवरून.

"म्हणजे अपंगांचा क्लास आहे का?" लोक विचारतात.

"नाही. सगळ्यांचा."

"पण मग बाकीच्यांना त्रास नाही होत?"

इथे माझी कानशिलं तापतात आणि मी गप्प बसते. गप्प बसायला मी अकोल्यात शिकले. इंग्रजी शाळेत घरची वऱ्हाडी तोंडातून निघाली की बाकावर उभं राहावं लागायचं, म्हणून मी बोलणंच कमी केलं. बॉक्सिंगही तिथेच शिकले, पण ते मला नीट आलं. बोलणं नाही आलं.

मागच्या हिवाळ्यात हॉलच्या कमिटीचे सचिव क्लास चालू असताना आत आले. पायात चपला तशाच. आम्ही गाद्या अंथरल्या होत्या, त्यावरूनच चालत आले.

"मॅडम, आपण दिव्यांगांचा सत्कार ठेवला आहे. तुमच्याकडचे किती? नावं लिहून द्या."

मी त्यांच्याच पेनाने, त्यांनी पुढे केलेल्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे दोन नावं लिहून दिली. काकांचं आणि ताईंचं. त्या दोघांना विचारलं नाही. कमिटी विचारेल असं मला वाटलं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे सचिवांनी लवकर जावं, एवढंच मला हवं होतं.

कमिटीने ताईंना फक्त कार्यक्रमाला या म्हणून सांगितलं. आपलं नाव त्यांनी थेट माईकवरून ऐकलं.

आमच्या हॉलच्या स्टेजला चार पायऱ्या आहेत. सत्कार करायला बोलावलेले दोन पाहुणे त्या चार पायऱ्या उतरून खाली येऊ शकले असते. दोघंही धडधाकट होते. पण सचिवांनी चार मुलांना खूण केली, आणि त्यांनी ताईंना खुर्चीसकट उचललं. एक बाजू वर, एक खाली. ताईंनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. ओढणी चाकात अडकली, ती एकाने ओढून काढली. लोक टाळ्या वाजवत होते. माणूस हवेत लटकलेला असताना टाळ्या वाजवायचं लोकांना कसं सुचतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग शाल, नारळ, फोटो. सचिव माईकवर म्हणाले, "यांच्याकडे पाहिलं की वाटतं, आपली दुःखं किती लहान आहेत."

काकांच्या हातातून नारळ निसटला आणि चारही पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेला. सभागृहातून "अरेरे" आलं. काका माईकजवळच उभे होते. म्हणाले, "जाऊ द्या हो. नारळाले बी खालीच बसाचं होतं."

हसल्या फक्त ताई. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

सोमवारी त्या आल्या नाहीत. बुधवारीही नाही. मी मोबाईलवर मेसेज लिहायची आणि पुसून टाकायची. ताई क्लास सोडणार, आणि तो मी त्यांना सोडायला लावला, हे मला कळत होतं.

काका ग्लव्ह्ज काढता काढता म्हणाले, "काहून गेली नाहीस तिच्याकडे?"

"काय बोलू?"

"ते तिलेच इचार. ती बोलीन. तू फक्त जा."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या ऑफिसात गेले. टेबलावर डबा उघडा होता. त्यांनी एक पोळी माझ्याकडे सरकवली. राग असला तरी समोर आलेल्याला खायला द्यायचं, हे त्यांचं चुकलं नाही.

"सॉरी ताई," मी म्हणाले.

"कायचं?"

"नाव दिलं त्याचं."

"ते तर आत्ताचं झालं. तू मले पयल्याच महिन्यात काढून टाकलं."

मला कळेना.

"त्या कॉलेजच्या पोरीनं माह्या पॅडवर जोरात मारलं होतं. खुर्ची मांगं सरकली. आठवते?"

आठवत होतं. वीतभर सरकली होती. मी धावत गेले, पॅड त्यांच्या हातातून घेतले आणि म्हणाले, ताई, तुम्ही फक्त मारा, धरायचं राहू द्या. सेफ्टीसाठी. तेव्हा मला माझं फार कौतुक वाटलं होतं.

"ब्रेक ढिला होता," ताई म्हणाल्या. "तो टाईट कराचा सोडून मलेच काढलं. तवापासून मी मारून राहिली अन् समोरचे म्हणते, वा ताई, वा ताई. लेकराले घास भरवल्यासारखं. घरी, ऑफिसात, सारे माह्यासाठी काहीतरी धरूनच राह्यते. दार धरते, पिशवी धरते. मले बी कोणासाठी धराचं होतं. तेवढ्यासाठी येत होती मी."

शेजारच्या टेबलावरचे बाबू फाईल चाळायचे थांबले होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते पुन्हा चाळू लागले.

"सचिवाचा राग आला तुले?"

"खूप."

"त्याले बोलली काही?"

"नाही."

"अन् त्याच्यात अन् तुह्यात फरक काय हाये मंग? त्यानं उचलून वर नेलं, तू उचलून बाजूले ठेवलं."

मी ती पोळी खाल्ली आणि निघाले. परत येताना रस्ताभर सगळ्यांचाच राग येत होता, आणि सर्वांत जास्त माझा स्वतःचा.

शुक्रवारी सहाला ताई आल्या. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून ब्रेक आवळून आणला होता. खुर्ची त्यांनी स्वतःच भिंतीला टेकवली, ब्रेक ओढला आणि हात पुढे केले. मी त्यांच्या हातांत पॅड चढवले.

"पयले तू," त्या म्हणाल्या.

मी मारलं.

"हे काय? कुरवाळून राहिली का मले?"

मग मी मारलं. चार पायऱ्या, टाळ्या, चपला, ती पत्रिका, माझी सेफ्टी. खुर्चीची पाठ भिंतीवर धाडकन आदळली, थोडा चुना पडला. खुर्ची हलली नाही. ताईंचे हातही हलले नाहीत.

"हाव, असं. चालू ठेव."

एवढ्यात सचिव दारात. "अहो मॅडम, जरा जपून. त्या बिचाऱ्या..."

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा गप्प बसले असते. मारता मारताच म्हणाले, "साहेब, क्लास चालू आहे. काका, दार लावा."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. काका दाराकडे गेले. सचिव बाजूला सरकले, दार लागलं. थरथरत्या हाताने कडी लावायला काकांना बराच वेळ लागला. मदतीला कोणी उठलं नाही. मिनिटभर बाकी होतं, आणि ताईंचे पॅड माझ्यासमोर तसेच होते.