किडनीतलं बिऱ्हाड

धाकट्या भावाला माझी डावी किडनी बसवली, त्याला वर्ष होत आलं होतं. या वर्षात मी ती गोष्ट सांगितली नाही असा माणूस अंबडात शोधून सापडला नसता. भावाकडे जायला बसमध्ये बसले की शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा वडीगोद्री यायच्या आत टाके कुठं पडले ते सांगून मी मोकळी. नवरा म्हणायचा, "किडनी एकच दिली, पण सांगती अशी की गावजेवण घातलं."

या तोऱ्याला पहिला धक्का बसला तो संभाजीनगरच्या दवाखान्यात. भावाचं क्रिएटिनिन चढलं होतं. किडनी कशी चाललीय ते सांगणारा हा रक्तातला आकडा आमच्या घरात कापसाच्या भावासारखा विचारला जातो. फक्त हा चढला की सगळ्यांचे चेहरे उतरतात.

"रक्तात बीके विषाणू सापडलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पॉलिओमा घराण्यातला. बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. मग किडनीत बिऱ्हाड करून गप पडून राहतो. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून आपण यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलीय ना, ती संधी साधून तो उठतो."

"मंग हा त्याचा त्याला झाला, का माझ्या किडनीतून गेला?"

"दोन्ही होऊ शकतं. पुष्कळदा देणाऱ्याच्या किडनीतूनच जातो. यात तुमचा दोष काही नाही."

शेवटचं वाक्य माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. बहिणीनं मोठ्या मनानं खाट दिली, अन् खाटेतून ढेकूण निघाले, अशी माझी गत झाली.

भावाची चौकशी वेगळीच. "बीके म्हंजे काय, मॅडम?"

"ज्या पेशंटमध्ये पहिल्यांदा सापडला, त्याच्या नावाची अक्षरं. त्याचीही किडनी बदललेली होती."

"बिचारा. त्याच्या नावाचा रोग निघाला. औषध निघालं का?"

"खास यावरचं खात्रीचं औषध अजून नाही. संशोधन चालू आहे. तोवर आपण गोळ्या जरा कमी करू. तुमची प्रतिकारशक्ती थोडी वाढली की शरीरच विषाणूला आवरेल. पण जास्त वाढली, तर ते किडनीवरच उलटेल. म्हणून हळूहळू."

आम्ही तिघं ऐकत होतो. तिसरी माझी भावजय. पण परतीच्या वाटेत आम्हा दोघी बायकांच्या हाती त्यातलं अर्धंच उरलं.

"अक्का," भावजय म्हणाली, "प्रतिकारशक्ती वाढवायचीच असंल तर आपल्याला काय शिकवायचं? कोरोनात आपण दुसरं काय केल्तं?"

बराबर! कोरोनात आमच्या घरानं इतका काढा रिचवला होता की त्या विषयात आम्ही स्वतःला पदवीधर समजत होतो. भावाच्या शेतात बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. मी स्वतः जाऊन हाताएवढा वेल तोडून आणला, भावजयीनं ठेचून उकळला. गोळ्या कमी, काढा चालू. रोज सकाळी पेला तोंडाला लावताना भावाचं तोंड वाकडं व्हायचं.

"अक्का, लई कडू हाय."

"किडनी देताना मी कुरकुर केल्ती का? पी मुकाट्यानं."

पुढच्या तपासणीला क्रिएटिनिन आणखी चढलेलं. डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठ्या. त्यांना धीर द्यावा म्हणून मी पुढं झाले, "मॅडम, आम्ही घरूनबी जोर लावून राह्यलो. गुळवेलीचा काढा चालू हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"मागच्या बाजारापासून," भावजय बारीक आवाजात म्हणाली.

"अहो, मी दार बोटभर किलकिलं करत होते. तुम्ही सताड उघडलंत की काय, कोण जाणे." त्या चिडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आता हे विषाणूमुळं बिघडतंय की शरीर किडनी नाकारतंय, हे मला नुसत्या रक्तावरून सांगता येणार नाही. विषाणू असेल तर गोळ्या आणखी कमी करायच्या. नाकारत असेल तर वाढवायच्या. चुकीच्या बाजूला वळलो, तर किडनी जाईल. सुईनं तिचा तुकडा काढून बघावा लागेल."

तुकडा काढला. निकाल यायचा होता. ते दिवस मी वडीगोद्रीतच काढले, भावाच्या पाईप-मोटारीच्या दुकानात. घरी बसवेना. हायवेवरून ट्रक गेला की फळ्या थरथरायच्या अन् मला वाटायचं मीच थरथरतेय. गिऱ्हाईक इंचाचा पाईप मागायचं, भाऊ दोन इंचाचा काढायचा.

एकदा गिऱ्हाईक नसताना तो खाली बघतच बोलला, "अक्का, तू जीव कापून दिली, अन् माझ्यानं सांभाळणं झालं न्हाई."

"तू काय करणार? मीच किडकी दिली. वरून वेल आणला."

"उकळला कुणी?" भावजय आतून डबा घेऊन आली होती. "तुम्ही बहीण-भाऊच वाटून घेऊ राह्यले. मला तर कुणी धरीतच न्हाई."

हॉटेलात पाहुण्यांनी चहाच्या पैशासाठी एकमेकांचे हात धरावेत, तशी आमची दोषासाठी ओढाताण चालली. हसू आलं तिघांनाही. कुणी मोठ्यानं हसलं नाही.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा दुकानात मोटार दुरुस्तीला आलेली होती. भावाचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून फोन मी कानाला लावला.

शरीरानं किडनी नाकारल्याची खूण नव्हती. विषाणूच होता. काही भाग त्यानं खाल्ला होता, तो परत यायचा नाही. उरलेला वाचवायचा. गोळ्या आणखी एक पायरी कमी. काढा, चूर्ण, वेलपाला बिलकुल बंद. रक्त पुन्हा-पुन्हा तपासत राहायचं.

मी ऐकलं तसं सांगितलं. भाऊ पान्हा हातात धरून उभा होता.

"म्हंजे चालू हाय ना?"

"चालू हाय."

"मंग बस," तो म्हणाला, अन् मोटारीवर वाकला. भावजय डबा उघडून भाकरी काढायला लागली. मी फोन तसाच धरून उभी राहिले. किती दिवस चालेल, हे डॉक्टरबाईंना मी विचारलं नव्हतं, आणि त्या दोघांनीही मला विचारलं नाही.